बिनकरंटाचा पाहुणचार

हिंगोलीहून कुरुंद्याला एसटीनं जायला दोन तास पुरतात. मी तोच प्रवास विजेच्या गाडीनं नऊ तासांत केला आणि तो आजवरचा विक्रम आहे, असं छातीठोकपणे सांगतो. त्याआधी त्या वाटेनं विजेवर काही धावलं असेल तर ते फक्त खांबावरच्या तारेतून. तुमच्यापैकी कुणाला जायची हुक्की आली तर सामान फार लागत नाही. चाळीस मीटर केबल, अडॅप्टरांचा एक जुडगा, एक मोटार वाइंडिंगवाला आणि पोटात भरपूर जागा. खाली लिहिलेल्यात खोटं एक अक्षर नाही. फुगवलेलं असेल थोडं. खोटं आणि फुगवलेलं यांतला फरक माझ्या अक्कानं ठरवून दिलेला आहे.

अक्का म्हणजे सुमन अक्का, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि अक्का सतरा. तिनं लग्न केलं नाही. आधी स्वतः शिकली, मग कुरुंद्याच्या शाळेत लागली आणि मला कडेवर घेऊन शाळेत जायला लागली. मी सात वर्षांचा असताना शाळेतले एक म्हातारे गुरुजी निवृत्त झाले. गावानं त्यांना बैलगाडीत बसवून, वाजतगाजत घरापर्यंत नेलं. ते बघून मी भर मैदानात ओरडलो, "अक्का, तुला मी बैलगाडीत न्हाई, माझ्या स्वतःच्या मोटारीत घरी नेईन!" गाव हसलं. अक्का हसली नाही. तिनं ते खरं धरलं, आणि पुढची छत्तीस-सदतीस वर्षं जो भेटेल त्याला सांगत राहिली.

मी पुण्याला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक झालो. आठ वर्षांपूर्वी एकदा पत्र लिहायला काही विषय नव्हता, म्हणून लिहून टाकलं की गाडी घेतली. मग त्या गाडीला पोसणं आलं. पत्रातून तिचं पंक्चर काढलं, तिला रंग दिला, महाबळेश्वरला नेलं. एकदा अक्का पुण्याला येते म्हणाली तेव्हा गाडीचा अपघात करून दोन महिने गॅरेजात टाकली. गावात पारावर बसणारे गंगाधर तात्या अक्काला रोज विचारायचे, "काय बाई, भावाची गाडी निघाली का पुण्याहून?" अक्का म्हणायची, "निघंल. माझा भाऊ खोटं बोलत न्हाई. थोडं फुगवतो."

आणि मार्चअखेरीला अक्का निवृत्त होणार होती. दुपारी चार वाजता, शाळेच्या मैदानात.

## हिंगोली

गाडी मिळाली ती आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांकडून. बंगळूरकडे तयार होणारी, दोन दारांची, विजेवर चालणारी. त्यांच्या सोसायटीच्या चेअरमननी पार्किंगमधल्या प्लगवर लोखंडी पेटी बसवून तिला कुलूप लावलं होतं, कारण सामाइक विजेवर एकट्याची गाडी जगवणं नियमात बसत नव्हतं. प्राध्यापक परदेशी निघाले आणि जाताना मला म्हणाले, "घेऊन जा बाबा, तुला कुठे प्लग सापडला तर." हळद पोचवून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकमध्ये मी ती चढवली आणि हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, उतरवली. ट्रक तिथलाच होता, पुढे जाणार नव्हता. आणि गेला असता तरी मी नेली नसती. ट्रकवर बसून आलेली मोटार गंगाधर तात्यांनी बघितली असती तर अक्काला पुढची वीस वर्षं पारावरून जाता आलं नसतं.

हिंगोलीत माझा शाळेतला दोस्त रज्जाक मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीवरची जळालेली मोटार त्याच्याकडे रडत येते आणि हसत जाते. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चष्मा पुसला, पुन्हा एक फेरी मारली.

"मिलिंद्या, ये गाडी है या गाडी का अंडा?"

"रज्जाक, हिला उद्या चारच्या आत कुरुंद्याला न्यायची हाय."

"चलती कितना?"

"नवी होती तवा ऐंशी किलोमीटर. आता बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात. पस्तीस."

"और रास्ते में लाइट?"

तिकडे न गेलेल्यांसाठी सांगायला हवं. त्या वर्षांत आमच्याकडे लाइट ही एसटीसारखी होती. तिला टाइमटेबल होतं आणि ते पाळायची तिच्यावर सक्ती नव्हती. प्रत्येक गावाचं टाइमटेबल वेगळं. रज्जाकला ते सगळं तोंडपाठ, कारण लाइट आली की मोटारी जळतात आणि मोटारी जळल्या की गिऱ्हाईक येतं. त्यानं डोळे मिटले. "औंढ्याकडं सकाळी साडेदहापर्यंत हाय. जवळा बाजारला अकरा ते एक. कुरुंद्याला सकाळची जाती ती सहालाच येती. मतलब, औंढ्याच्या अलीकडं एकदा पाजायची, जवळ्याला एकदा पाजायची, और आखिर में अल्ला मालिक."

दुसरी तकलीफ प्लगची. गाडीची पिन जाड, तीन बोटांची, शहरात गिझर लावतात तसली. खेड्यातल्या भिंतीतली भोकं बारीक. गाडीसोबतची केबल पाच मीटर, म्हणजे माजघरातल्या प्लगपासून उंबऱ्यापर्यंतसुद्धा न पोचणारी. रज्जाकनं पाण्यातल्या मोटारीची चपटी केबल चाळीस मीटर जोडली. मग अडॅप्टर करायला बसला. एक जाडाचं बारीक करणारा. एक दिव्याच्या होल्डरमध्ये बसणारा. आणि एक, ज्याच्या टोकाला सुसरीच्या जबड्यासारखे दोन चिमटे होते आणि जो कशालाही चावू शकत होता. तिघांना सुतळीत ओवून त्यानं गळ्यात घातलं.

"ह्यांना मी मध्यस्थ म्हणतो," तो म्हणाला. "दोन्ही घरं एकमेकाला पसंत न्हाईत, तरी लगीन लावून देतात."

आणि दुकानाला कुलूप घालून तो शेजारच्या सीटवर येऊन बसला. मी चल म्हणालो नव्हतो. पण आम्ही शाळेत असताना अक्कानं त्याचा अर्ध्या वर्षाचा अभ्यास स्वतःच्या ओसरीत बसवून पुरा करून घेतला होता. तो काही राहणार नव्हता.

## औंढ्याच्या अलीकडे

सकाळी सातला निघालो. विजेच्या गाडीचा पहिला अवगुण असा, की ती आवाज करत नाही. पुण्यात याचं कौतुक होतं. हिंगोलीच्या रस्त्यावर शेळ्या बसलेल्या असतात आणि आवाज आल्याशिवाय उठणं त्यांच्या रीतीत नाही. पहिल्या दहा किलोमीटरात आम्ही मागून इतक्या गुपचूप गेलो की एक सायकलवाला दचकून थेट ओढ्यात उतरला आणि तिथून त्यानं आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. हॉर्न वाजवावा तर बॅटरीचा काटा खाली येई. शेवटी रज्जाकनं एका गाडीवानाकडून बैलाच्या गळ्यातली घंटा मागून घेतली आणि पुढे बांधली. मग आम्ही खण्ण-खण्ण करत निघालो. शेळ्या उठल्या. दोन बैल मात्र अर्धा किलोमीटर मागे मागे आले.

चढ, ऊन, दोन जाडे इसम आणि एक मणभर केबल. औंढा दिसायच्या आधीच काटा तळाला टेकला. उजव्या हाताला एका शेतात हळदीचा ड्रम फिरत होता. वाळलेली हळद लोखंडी पिंपात घालून मोटारीनं गरगर फिरवतात, म्हणजे वरची सालपटं जाऊन ती चकचकीत होते. मोटार फिरतेय याचा अर्थ लाइट आहे! मी गाडी बांधावरून आत घातली.

ड्रमचे मालक बापूराव. डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. मी लांबलचक भाषण तयार ठेवलं होतं. विजेची गाडी म्हणजे काय, बॅटरी म्हणजे काय, भविष्यकाळ म्हणजे काय. बापूरावांनी ऐकूनच घेतलं नाही. एवढंच विचारलं, "सिंगल फेजवर हाय का थ्री फेजवर?"

"सिंगल."

"मंग लेकरूच हाय की. बांधा तिकडं."

पुण्यातल्या चेअरमनना मी हा अडीच सेकंदांचा संवाद ऐकवायला हवा होता. रज्जाकनं सुसर काढली, टेस्टरनं तारा तपासल्या, चिमटे लावले. गाडीतून गुंईं आवाज आला. बापूरावांनी गाडीच्या बॉनेटवर थाप मारली, गाभण म्हशीला मारतात तशी. "खाऊन राहिली ब्वा!"

दीड तास आम्ही बांधावर बसून भाकरी, लसणाचा ठेचा आणि कच्चा कांदा खाल्ला. ठेचा असा होता की पहिल्या घासाला मला माझ्या मागच्या जन्मातली माणसं दिसली. रज्जाक दर पाच मिनिटांनी उठून जोडाला हात लावून बघायचा. पापड भाजेल इतका जोड तापला की काढायचा, हे त्याचं शास्त्र. एका गोष्टीकडे मात्र आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं. वारा ड्रमकडून गाडीकडे वाहत होता.

साडेदहाला लाइट गेली, ड्रम थांबला, धुरळा बसला. पांढऱ्या गाडीच्या जागी पिवळीजर्द गाडी उभी होती. काच पिवळी, चाकं पिवळी, घंटा पिवळी. रज्जाकची दाढी अशी पिवळी की त्याच्या पोरींनी ओळखला नसता. पुसायला गेलो तर ती अजूनच घट्ट बसली. घामानं हळद बसते हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे, मला पुण्यानं विसरायला लावलं होतं.

बापूरावांची कारभारीण गाडीभोवती फिरली. "अगं बाई, हळद लागली हिला. आता अशी बोडकी काहून नेता?" तिनं दोन्ही आरशांना आंब्याचे डहाळे बांधले आणि पुढच्या काचेवर झेंडूची माळ सोडली. मला ते तेव्हा फार गोड वाटलं. त्या माळेनं आमचे पुढचे चार तास खाल्ले.

## जवळा बाजार

बाजाराचा दिवस होता. कापूस, सोयाबीन, मिरच्या, बांगड्या, टोपल्या, आणि या सगळ्यांच्या मधून खण्ण-खण्ण करत, हळदीत न्हालेली आणि डहाळे लावलेली आमची गाडी. बाजार दुभंगला. साडेअकरा वाजले होते. टाइमटेबलाप्रमाणे लाइट असायला हवी होती. पंख्याच्या दुकानातले पंखे सुतकात असल्यासारखे उभे.

"आज अजून आलीच न्हाई," पिठाच्या गिरणीचे शेषराव म्हणाले. गिरणीसमोर दळणाच्या डब्यांची रांग होती, डब्यांच्या मागे बायका. "आली की आधी दळण. तुमचा नंबर बाविसावा."

बाविसावा! मी घड्याळ बघितलं, आणि माझ्या तोंडानं माझ्याकडे न विचारता काम सुरू केलं. "शेषराव, असं करू नका. लग्नाची गाडी हाय. वेळ चुकंल."

"कोनाचं लगीन?"

"माझ्या अक्काचं," मी म्हणालो.

रज्जाकनं कपाळाला हात लावला. "अरे मिलिंद्या, नक्को रे!" पण शब्द गेला होता. बायकांनी आपणहून डबे मागे सरकवले. शेषरावांनी स्वतः केबलचं टोक हातात घेतलं, आत नेलं आणि गिरणीच्या प्लगात खोचलं. लाइट नव्हतीच, तरी सगळे समाधानानं गाडीकडे बघत उभे राहिले.

"लाइट आली की आपोआप पिईल," शेषराव म्हणाले. "पाहुणीला रांगेत उभं करत न्हाईत आमच्यात."

एवढ्यात समोरच्या घरातून माधवराव आले. माधवराव म्हणजे शेषरावांचे चुलतभाऊ. मधे सात पावलांचा रस्ता आणि सात वर्षांचा अबोला. ते शेषरावांकडे न बघता माझ्याशी बोलले. "पाहुणे, लग्नाची गाडी आमच्या दारावरून चालली अन् आमचा प्लग वाईट हाय का?"

"नाही हो, पण लाइट..."

"लाइट तिकडं हाय का?"

"नाही."

"मंग तिकडं नसलेली चालती, अन् आमच्याकडची नसलेली चालत न्हाई?"

मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलीत, पण दोन घरांतल्या नसलेल्या विजेत फरक दाखवणारं यंत्र मी पाहिलेलं नाही. शेषरावांकडची पिन काढली, रस्त्यापलीकडे नेली, माधवरावांच्या बैठकीत खोचली. तिथे होल्डरवाला मध्यस्थ लागला. लग्नात आलेल्या व्याह्याला बसवतात तशी केबल पाटावर ठेवण्यात आली. पाच मिनिटं मान घेतला, चहा बशीतून प्यालो, उठलो. तोवर शेजारच्या घरात ही बातमी गेली होती. मग त्याच्या शेजारच्या. मी मोजून सांगतो, त्या दिवशी आमच्या पिननं जवळा बाजारात अकरा घरं केली आणि एकाही घरात करंट नव्हता. प्रत्येक घरी चहा. एके ठिकाणी पिठलं. एके ठिकाणी शेवया, दूध नि साखर. पुण्यात चोवीस तास करंट आणि प्लगला पेटी. इथे करंटाचा पत्ता नाही आणि दार उघडून माणूस उभा, की आमच्याकडची नसलेली वीज घेऊन जा.

"रज्जाक, एक वाजून गेला," मी रडकुंडीला आलो. "चारला अक्का."

"चुपचाप बैठ. बिना करंट का मान भी मान है. अब भुगत."

बारावं घर एका म्हाताऱ्या मावशीचं होतं. एकटी राहायची, कंदिलावर. घरात लाइटीचं कनेक्शनच नव्हतं, त्यामुळे प्लगही नव्हता. दारात उभी राहून ती पदर तोंडाला लावून बघत होती. केबल दारावरून पुढे गेली तशी म्हणाली, "ने बाबा. आमच्याकडं काय हाय?"

तिचा आवाज ऐकून रज्जाक थांबला. केबल मागे ओढली, पिन तिच्या हातात दिली. म्हणाला, "मावशी, तुमीच सांगा, कुठं लावू?"

मावशीनं विचार केला, आत गेली, वाटीत गूळ आणि पाणी घेऊन आली. "उन्हाची आली लेक. एवढं तरी घेऊ दे." आणि पिनची तिन्ही बोटं त्या गूळपाण्यात बुडवली. पुन्हा पुन्हा, प्रेमानं. रज्जाकनं पिन बाहेर काढून पुसल्यासारखी केली. मला ठाम आठवतं, "पुसल्यासारखी"च.

आणि पिन पुन्हा शेषरावांच्या गिरणीत खोचल्यावर दोनच मिनिटांत लाइट आली. खोटं वाटत असेल तर जवळ्यात जाऊन विचारा. सगळ्या बाजारानं एकदम "आऽऽली!" अशी आरोळी ठोकली. पंखे फिरले, गिरणी घरघरली, गाडीतून गुंईं आवाज आला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते पिठामुळे असं मी रज्जाकला सांगितलं. पाऊण तास लाइट राहिली. गेली तेव्हा काटा अर्ध्याच्या जरा खाली होता.

"पोचेल?" मी विचारलं.

"उतार असेल तर," रज्जाक म्हणाला.

निघताना शेषराव आणि माधवराव दोघेही हात करायला रस्त्यात उभे होते, एकाच बाजूला. आणि आमच्या पुढे, बाजार उरकलेल्या आमच्या गावच्या माणसांनी गच्च भरलेली एक जीप कुरुंद्याच्या दिशेनं धुरळा उडवत गेली. त्या जीपकडे मी नीट लक्ष द्यायला हवं होतं.

## कुरुंदा

शेवटच्या टप्प्यात मी आरसे मिटून घेतले, वारा लागू नये म्हणून. रज्जाकनं चपला काढून हातात धरल्या, वजन कमी व्हावं म्हणून. शास्त्राला धरून नव्हतं, पण काटा शून्याखाली गेल्यावरही गाडी चालत राहिली, यालाही शास्त्रात जागा नाही. गाव आलं. पार आला. पार रिकामा! गंगाधर तात्या जागेवर नाहीत म्हणजे गावात काहीतरी भयंकर घडलं होतं.

शाळेच्या मैदानाकडे वळलो. निरोप समारंभाला किती माणसं येतात? मास्तर लोक, चार पालक, हार घालणारा एक. इथे सगळं गाव लोटलं होतं. फेटे बांधलेले बाप्ये, नवी लुगडी नेसलेल्या बायका, आणि एका कोपऱ्यात चक्क सनई-चौघडा. जीप आमच्या आधी तासभर पोचली होती, आणि तिच्यासोबत बातमी: सुमनबाईंचं अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न, नवरदेवाची गाडी येऊन राहिली.

गाडी खण्ण-खण्ण करत आत शिरली, हळू झाली, आणखी हळू झाली, आणि मांडवाच्या दहा पावलं अलीकडे थांबली. संपली. मी खाली उतरलो. अक्का मांडवातून सरळ माझ्याकडे चालत आली. पांढरं पातळ, हातात छडी नव्हती तरी मला दिसली.

"मिल्या," ती हळूच म्हणाली, "माझं लगीन कोनाशी लावलंस रे?"

मी पायाकडे बघत सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचे ओठ एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. मला वाटलं रागानं.

गंगाधर तात्या फेटा सावरत पुढे आले. गाडीला प्रदक्षिणा घातली, हात लावून पिवळं झालेलं बोट बघितलं. "आली म्हणायची गाडी! पण बाई, ही तर इथंच निजली. घरी नेणार कशी? लावू का पोरं ढकलायला?"

लोक हसले. चार-सहा जण पुढे सुद्धा झाले. अक्का वळली, आणि वर्गात वळायची तशी वळली. "कुणी हात लावायचा न्हाई. माझा भाऊ गाडीत नेईन म्हणला होता. ढकलत नेईन म्हणला न्हाई." मग मला विचारलं, "काय लागतं हिला?"

"लाइट."

"सहाला येईल. वायर कुठाय?"

रज्जाकनं केबल सोडली. चाळीस मीटर बरोबर मैदान ओलांडून कार्यालयाच्या खिडकीपर्यंत पोचली, वीतभर कमी. त्यानं प्लगाखाली टेबल ओढलं, जाडाचं बारीक करणारा मध्यस्थ लावून ती वीत भरून काढली, पिन खोचली. अक्का मांडवात जाऊन बसली आणि म्हणाली, "चला, होऊ द्या सुरू. मला घाई न्हाई."

कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. भाषणं तीन, हार एक, चहा. ते साडेचारला संपलं. सहा वाजायला दीड तास बाकी, आणि गाव उठेना. लग्न बघायला आलेलं गाव काहीतरी बघितल्याशिवाय जात नाही. सनईवाल्यानं एकदा वाजवून बघितलं. मग कुणीतरी उठून सांगितलं, की बाईंनी मला पाढे कसे शिकवले. मग एका बाईनं सांगितलं, की बाई घरी आल्या नसत्या तर मला चौथीतच काढली असती. मग रज्जाक उठला, पिवळ्या दाढीनिशी, आणि त्यानं ओसरीतल्या अर्ध्या वर्षाची गोष्ट सांगितली. एकेक करत रांग लागली. चुकून लग्नाला आलेली माणसं आपणहून निरोप द्यायला लागली.

साडेपाचला कुणीतरी ओरडलं, "तात्या, तुमी बोला की! रोजचं तोंड कुठं गेलं?"

तात्या उठले. खाकरले. "मी काय बोलू. मी शाळेत गेलोच न्हाई." फेटा काढून हातात घेतला. "पन्नाशी उलटल्यावर मी बाईंकडं गेलो होतो. अंगठा करायची लाज वाटायची. बाईंनी दोन महिने मला सही शिकवली. शाळेमागं. कुणाला कळू दिलं न्हाई. मी रोज गाडीचं विचारायचो ते, त्यांनी कधी कुणाला माझं सांगू नये म्हणून. आधी आपणच दबवून ठेवलेलं बरं, असं वाटायचं. त्यांनी सांगितलंच न्हाई कधी."

अक्का पदरानं चष्मा पुसत होती आणि तो पुसला जात नव्हता.

आणि सहाला लाइट आली. कार्यालयातला दिवा लागला, लोक ओरडले, सनई सुटली. गाडी गप्प. गुंईं नाही की काही नाही. रज्जाक धावला. जोड बघितला, तारा बघितल्या, मध्यस्थ उपसून काढला, आणि त्याच्या हातावर मुंग्यांची वरात निघाली. जवळ्याच्या मावशीचा गूळ! पिनच्या बोटांवर गुळाचा थर वाळून बसला होता आणि कुरुंद्यातल्या समस्त मुंग्यांना त्याचं आवतन गेलं होतं.

"मुंग्या लाइट खाऊन राहिल्या!" तात्या म्हणाले. आता ते गाडीच्या बाजूचे झाले होते.

अक्कानं केसातला आकडा काढून रज्जाकच्या हातात दिला. त्यानं खरवडलं, फुंकलं, धोतराच्या सोग्यानं कोरडं केलं. सोगा तात्यांचा. पुन्हा खोचलं.

गुंईं.

अर्धा तास दम धरला. मग मी दार उघडलं, अक्का पुढे बसली, पातळ सावरून, दोन्ही हात मांडीवर. मागच्या लेकरांच्या सीटवर तात्या घुसले, गुडघे कानाला लावून. गाडी खरंच आतून चालते का कुणी लपून ढकलतंय हे त्यांना पारासाठी पक्कं बघायचं होतं. पुढे सनई, मागे रज्जाक आणि गाव. शाळेपासून घरापर्यंत दीड किलोमीटर. बैलगाडीहून जास्त वेगानं मी नेली नाही. पार आला तेव्हा अक्का म्हणाली, "जरा हळू घे." मी आधीच हळू होतो. तिनं काच खाली केली आणि रिकाम्या पाराकडे बघून घेतलं.

दारात उतरल्यावर मी म्हणालो, "अक्का, एक सांगायचं हाय. पत्रातली ती गाडी..."

"न्हवती. ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"पहिल्या पत्रापासून. तुझ्याकडं खरंच गाडी असती तर तू दोन गाड्या हायेत म्हणून लिहिलं असतंस."

"मंग सगळ्या गावाला काहून सांगत राहिलीस?"

"एकट्यानं फुगवलेलं बसून जातं रे," ती म्हणाली. "म्हणून मी गावाला धरायला लावलं."

तेवढ्यात लाइट गेली. गल्लीभर "गेऽऽली" झालं. अक्कानं गाडीतली केबल ओढून काढली, हातानं चाचपत ओसरीवरच्या प्लगापर्यंत नेली आणि बारीक मध्यस्थ मागायला रज्जाकपुढे हात केला.

"अक्का, लाइट न्हाई," मी म्हणालो.

"मला दिसत न्हाई व्हय?" तिनं पिन खोचली, आणि ती नीट बसली का ते बोटांनी दाबून बघितलं. "जवळ्याच्या अकरा घरी घेतला ना मान? मंग माझ्या घरी पाहुणी उपाशी निजंल का?"